झाकलेली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी आपल्यांत एक म्हण आहे. घरांतील उणें चारचौघांत उघडें करूं नये, अब्रू राखावी, एवढाच तिचा मूळ भाव. परंतु हल्लीं या म्हणीचा एक निराळाच अर्थ आमच्या ध्यानांत येऊं लागला आहे. झाकलेल्या मुठीचा आतां खरोखरच बाजार भरूं लागला असून, तींत काय आहे हें न पाहतां लोक तिच्यासाठीं हजारों रुपये, कधीं सव्वा लाख व त्याहूनहि अधिक, मोजीत आहेत. त्या बाजाराविषयीं, आणि त्यांतून उठणाऱ्या एका नैतिक प्रश्नाविषयीं आज चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

औंध, खटाव, माण, आटपाडी हा मुलूख पर्जन्यछायेचा. अलीकडे कांहीं शिवारांत योजनांचें पाणी आलें, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, हें खरें. तरी वांटणीनें शेताचे तुकडे झाले आहेत, पदवी घेतलेल्या मुलास नोकरी नाहीं, भरतीच्या परीक्षा देतां देतां वय निघून जातें, आणि शेतकरी मुलास मुलगी कोण देणार हा घोर घरोघर आहे. अशा एका घराचें चित्र वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. रात्रीचे बारा वाजले आहेत. आईबाप निजले आहेत. मुलाच्या हातांतील मोबाइल तेवढा उजळलेला आहे, आणि त्यांत एक गृहस्थ बोलत आहे. त्याच्यामागें उंची मोटार उभी आहे. तो म्हणतो, "मीहि तुमच्यासारखाच खेड्यांतला. माझ्याहि खिशांत बसभाड्यास पैसा नव्हता. मला जें जमलें तें तुम्हांस कां जमूं नये?" मुलगा उठून बसतो. इतक्या वर्षांत त्याच्याशीं इतक्या आपुलकीनें कोणीच बोललें नव्हतें.

पहिली पायरी फुकट असते. दुसऱ्या पायरीस नव्याण्णव रुपये पडतात. तीन तासांच्या त्या व्याख्यानांत विषय थोडा व उत्तेजन फार. शेवटीं सांगण्यांत येतें कीं मुख्य वर्गाच्या मोजक्याच जागा उरल्या आहेत व सवलत आज मध्यरात्रीपर्यंतच आहे. मोठी फी भरली कीं टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲप यांवरील एका बंद ग्रुपांत प्रवेश मिळतो. आंत गेल्यावर कळतें कीं त्याच्याहि आंत आणखी एक ग्रुप आहे, त्याची फी निराळी आहे, आणि खरें गुपित तेथें आहे. कोणास नफा झाला तर त्याच्या खात्याचें चित्र सर्वांस दाखवितात. तोटा झाला असें कोणी लिहिलें तर तो संदेश पुसला जातो. त्यानें पुन्हां लिहिलें तर तोच पुसला जातो. आमच्या चित्रांतील मुलाची फी आईनें बचतगटांतून काढलेल्या कर्जाची आहे. शेळ्या घ्यावयाच्या म्हणून तें कर्ज काढलें होतें.

हें केवळ कल्पनेचें चित्र आहे असें कोणी समजूं नये. शेअरबाजारावर देखरेख ठेवणारें जें सेबी नांवाचें मंडळ आहे, त्यानें अलीकडे दिलेले आदेश सर्वांस वाचावयास खुले आहेत. 'बाप ऑफ चार्ट' या नांवानें मोहम्मद नासिरुद्दीन अन्सारी हे बाजाराचें शिक्षण देत असत. २५ ऑक्टोबर २०२३ च्या अंतरिम आदेशानें सेबीनें त्यांस सुमारें १७ कोटी २० लाख रुपये जमा करण्यास सांगितलें. त्या आदेशांतील एक गोष्ट मननीय आहे. जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळांत शिष्यांस नफ्याचा मार्ग दाखविणारे हे गुरु स्वतःच्या व्यवहारांत २ कोटी ८९ लाख रुपये गमावून बसले होते, असें सेबीस आढळून आलें. पुढें ४ डिसेंबर २०२५ रोजीं, मराठी तरुणांत सुपरिचित असलेले श्री. अवधूत साठे व त्यांची ट्रेडिंग ॲकॅडमी यांजविषयीं असाच अंतरिम आदेश निघाला. तीन लाख सदतीस हजारांहून अधिक लोकांकडून सुमारें ६०१ कोटी रुपये गोळा झाले, नोंदणी नसतां शिक्षणाच्या नांवाखालीं खरेदीविक्रीचा सल्ला देण्यांत आला, व नफ्याचींच उदाहरणें निवडून पुढें मांडण्यांत आलीं, असें त्यांत म्हटलें असून सुमारें ५४६ कोटी रुपये अडकवून ठेवण्याची आज्ञा झाली. अंतरिम आदेश हा अखेरचा निवाडा नव्हे. ज्याच्यावर आरोप आहे त्यास आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे, व तो आम्ही मानतों. आम्हांस येथें कोणा एका मनुष्याचा न्याय करावयाचा नाहीं. या धंद्याची घडण कशी आहे, एवढेंच पाहावयाचें आहे.

ज्या व्यवहाराची विद्या येथें विकली जाते त्याचेंहि फळ पाहूं. शेअरबाजारांतील फ्युचर्स व ऑप्शन या व्यवहारांची पाहणी सेबीनें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्ती या व्यवहारांत उतरल्या. त्यांपैकीं शेंकडा ९३ जणांस तोटा झाला. तो सरासरीनें माणशीं सुमारें दोन लाख रुपये. खर्च वजा जातां एक लाखाहून अधिक नफा मिळविणारे शेंकडा एक. तीन वर्षांत व्यक्तींचा एकंदर तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. यांतील बहुतेकांचें वार्षिक उत्पन्न पांच लाखांच्या आंत होतें, आणि तोटा होऊनहि बहुतेकांनीं व्यवहार सोडला नाहीं. मग नफा कोणास झाला? मोठमोठ्या पेढ्या व परदेशी संस्था यांस. आणि त्यांचे बहुतेक व्यवहार माणूस न करितां यंत्रें करितात. खटावच्या एका खोलींत बसून मोबाइलवर बोट ठेवणारा मुलगा कोणाशीं कुस्ती खेळत आहे, हें त्या मोटारवाल्यानें त्यास सांगितलें काय?

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. विद्या देऊन पैसा घेणें हें पाप आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. शाळामास्तर पगार घेतो, तबलजी शिकवणी घेतो, शिंपी उमेदवारास हाताखालीं ठेवून त्याचे श्रम घेतो. त्यांत कोणाची नागवण होत नाहीं. तर मग या नव्या गुरूचा दोष कोणता? केवळ त्याची फी मोठी, हा दोष नव्हे. वैद्यकीच्या शिक्षणाची फी त्याहून मोठी असते. शिष्य पुढें अयशस्वी झाला, हाहि दोष नव्हे. चांगल्या मास्तराचेहि विद्यार्थी नापास होतात.

आमच्या मतें दोष येथें आहे, कीं तो विद्या दाखवितो आणि आशा विकतो. गणिताचा मास्तर म्हणत नाहीं कीं त्रैराशिक शिकलास म्हणजे सावकार होशील. तो त्रैराशिक शिकवितो, आणि तें आलें कीं नाहीं हें पाटीवर दिसतें. या नव्या वर्गांत पाटीच नसते. मुलानें आलेख वाचावयास शिकूनहि त्यास तोटा झाला तर सांगतात, "पद्धत बरोबर आहे, तुझें मन कच्चें आहे." नफा झाला तर तो पद्धतीचा, तोटा झाला तर तो शिष्याच्या मनाचा. ज्या शिकवणीस यशाचें श्रेय हवें आणि अपयशाचा हिशेब नको, ती कधींच खोटी ठरूं शकत नाहीं. आणि जी कधींच खोटी ठरूं शकत नाहीं, तिचा खरेपणा कोणत्या मापानें मोजावयाचा?

येथें कोणी म्हणेल, "कांहींजणांस लाभ झाला आहे, त्यांचे फोटो आम्हीं पाहिले आहेत." ते फोटो खरे असूं शकतील. परंतु एक हजार चोवीस माणसें ओळीनें उभीं करा. प्रत्येकानें नाणें उडवावें. ज्याचा छापा पडेल त्यानें राहावें, ज्याचा कांटा पडेल त्यानें घरीं जावें. दहा फेऱ्या झाल्यावरहि सरासरीनें एक मनुष्य उरतोच. त्यानें दहा वेळां लागोपाठ छापा पाडला असतो. त्याचा फोटो फलकावर लावला तर तो खोटा नाहीं. पण त्यावरून त्यास नाणें उडविण्याची विद्या येते असें म्हणणें खोटें आहे. जेथें शिष्य लाखांनीं आहेत तेथें फलक भरण्याइतके भाग्यवान नेहमींच सांपडतील. घरीं गेलेल्या एक हजार तेविसांचा फलक कोणी लावीत नाहीं.

आणखी एक विचार. या व्यवहारांत एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा असतो, व दोघांच्याहि खिशांतून दलाली व कर जातात. असें असतां सर्वांस जिंकावयास शिकवितों, असें म्हणणाराचा अर्थ काय होतो? कुस्तीच्या फडांत दोन्ही मल्लांस "तूंच जिंकशील" असें सांगून दोघांकडूनहि पैसे घेण्यासारखेंच तें आहे. शिवाय जें गुपित तीन लाख लोकांस विकलें तें गुपित राहिलें कोठें?

आमच्या याच मुलुखांत शिकवणीचे दुसरे नमुने होऊन गेले आहेत. १९१० सालीं औंध संस्थानच्या हद्दींत, कुंडलजवळील ओसाड माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना उभारला. आधीं ते मुंबईस शिक्षक होते, आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळीं उतरविण्यास त्यांस बरींच वर्षें लागलीं. तेथें शिकणारा मनुष्य काम करीत शिके, आणि त्याच्या हातून उतरलेला नांगर शेतांत चालतो कीं नाहीं हें कोणासहि दिसे. विटें-आटपाडीकडील गलाईवाल्यांचें तसेंच. हिंदुस्थानच्या दूरदूरच्या शहरांत सोनें-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा या दुष्काळी गांवांच्या लोकांनीं हस्तगत केला. चुलता पुतण्यास बरोबर नेतो, भट्टीपुढें बसवितो, आणि मुशींतून सोनें किती निघालें तें तराजू सांगतो. तराजूपुढें कोणाचें वक्तृत्व चालत नाहीं. येथें गुरूचा हात उघडा असतो.

औंधच्या इतिहासांतील दुसरी गोष्ट याहूनहि मोठी आहे. २१ जानेवारी १९३९ रोजीं राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या बहात्तर गांवांच्या लहानशा संस्थानांत प्रजेस स्वराज्याची घटना दिली व सत्ता गांवपंचायतींकडे सोंपविण्याचा मार्ग घातला. ज्यास विश्वास हवा त्यानें हिशेब मागण्याचा हक्क दुसऱ्यास द्यावा, हें त्या कृतीचें सार होय. राजाहि जें करण्यास कचरला नाहीं तें मोबाइलमधील गुरूस कां जड जावें? "तुमच्या स्वतःच्या खात्याचा पांच वर्षांचा पुरा हिशेब, नफ्यातोट्यासह, दाखवा," एवढें मागितलें कीं मूठ अधिकच घट्ट होते.

हे लोक एक बचाव नेहमीं पुढें करितात, त्यासहि उत्तर दिलें पाहिजे. "आम्हीं कोणावर बळजबरी केली नाहीं. बाजारांत जोखीम आहे असें आम्हीं लिहून ठेविलें होतें. त्यानें राजीखुशीनें पैसे दिले." होय, लिहिलें होतें, पण आश्वासन मोठ्या अक्षरांत व जोखीम मुंगीएवढ्या अक्षरांत. जी गोष्ट कळली असतां मनुष्यानें पैसे दिले नसते, तीच लपवून घेतलेली संमति ही संमति नव्हे. आजारी बैलाचा आजार झांकून तो बाजारांत विकणाराहि म्हणतो, "घेणारानें दांत पाहिले होते."

परंतु सर्व दोष विकणाराच्या माथीं मारून घेणारास आम्ही निर्दोष ठरवितों असें मात्र नाहीं. श्रमाशिवाय फळ मिळावें ही इच्छा त्याच्याहि मनांत होती. घरांत कोणास न विचारतां त्यानें कर्ज उचललें, हीहि चूक होती. तथापि येथें एक भेद केला पाहिजे. पोट भरलेल्यानें आणखी ताट ओढावें याला लोभ म्हणतात. बापाच्या डोक्यावरील ओझें आपण उतरावें असें मुलास वाटलें तर त्यास लोभ म्हणतां येणार नाहीं. ती आशा आहे, आणि आशा चांगली वस्तु आहे. चोर भिंतीस तेथेंच भोंक पाडतो जेथें ती मऊ असते. या मुलाच्या मनांतील मऊ जागा म्हणजे त्याची घरच्या माणसांविषयींची काळजी होय. अशा फसलेल्या मनुष्यास आम्हींहि प्रथम लोभी म्हणून मोकळे होत असूं. आतां आम्हांस वाटतें कीं तें म्हणणें सोपें होतें म्हणूनच आम्ही म्हणत होतों.

मधल्या एका मनुष्याचा दोष मात्र आम्हांस अधिक वाटतो. तो म्हणजे, आपण बुडालों हें कळल्यावर, आपली फी भरून निघावी म्हणून जो मित्रास किंवा मेहुण्यास त्याच वर्गांत आणतो आणि त्याबद्दल दलाली घेतो. मोटारवाल्या गुरूस आमच्या गांवची ओळख नव्हती; यास होती. त्यानें गांवचा विश्वास विकला. ज्यांच्या शब्दास वजन आहे, अशा शिक्षकांनीं, उपदेशकांनीं व पुढाऱ्यांनीं याविषयीं फार जपावें. कारण "मास्तरांनींच सांगितलें" असें म्हणून पैसे भरणारीं माणसें प्रत्येक गांवांत असतात.

येथें पुन्हां त्या म्हणीची आठवण होते. मूठ गुरूचीच झांकलेली असते असें नाहीं. फसलेल्याचीहि झांकलेली असते. तो बोलत नाहीं. आईस सांगतो कीं पैसे अडकले आहेत, येतील. लग्नकार्यास जात नाहीं, मंडळीच्या जमावांत मागें बसतो, पुढें येईनासाच होतो. आणि त्याच्या मौनामुळें त्याच आळींतील दुसरा मुलगा त्याच गुरूस पैसे पाठवितो. एका झांकलेल्या मुठीवर हा धंदा उभा राहतो आणि दुसऱ्या झांकलेल्या मुठीवर तो टिकतो. पहिली उघडणें आपल्या हातीं नाहीं. दुसरी उघडणें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे. कारण ती घट्ट ठेवण्यास त्यास भाग पाडतें कोण? आपलें हंसणें.

म्हणून कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. कोणत्याहि वर्गाची फी त्याच दिवशीं भरूं नये. जी सवलत रात्रीं बारा वाजतां संपते तिच्यावाचून कोणाचें अडत नाहीं. घरांतील एका तरी माणसास सांगितल्यावांचून व कर्ज काढून तर कधींच भरूं नये. खरेदीविक्रीचा सल्ला देणाराची सेबीकडे नोंदणी आहे काय हें पाहावें. नोंदणी असलेल्यासहि ठराविक नफ्याची हमी देण्यास मनाई आहे, हें ध्यानांत असूं द्यावें. केवळ शिक्षण देतों म्हणणारांविषयीं सेबीनें २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानें असें बजाविलें, कीं त्यांनीं लगतच्या तीन महिन्यांतील बाजारभाव वापरून शेअरांचीं नांवें घेऊं नयेत. पैसे गेले असतील तर पावत्या, संदेश व बँकेचा उतारा जपून ठेवावा; बाजाराविषयींची तक्रार सेबीच्या स्कोअर्स या व्यवस्थेकडे करावी, आणि मोबाइलवरून उघड लबाडीनें पैसे उकळले गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावें. आणखी एक सावधगिरी. "तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतों, आधीं थोडी फी भरा," असें म्हणणारा पुढें येतो. तो पहिल्याचाच भाऊ समजावा.

परंतु कायद्यानें पैसे परत आले तरी माणूस परत येईलच असें नाहीं. तें काम गांवाचें आहे. १९३९ सालींच औंधच्या राजांनीं मॉरिस फ्रीडमन यांच्या सहाय्यानें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची वसाहत वसविली. तेथें कैद्यांस भिंतीवांचून, कुटुंबासह, शेती करून राहण्याची मुभा दिली. खुनासारखे गुन्हे हातून घडलेलीं माणसें तीं; परंतु त्यांच्यावर विश्वास टाकण्यांत आला. पुढें १९५७ सालीं व्ही. शांतारामांनीं काढलेल्या 'दो आँखें बारह हाथ' या बोलपटामागें याच वसाहतीची प्रेरणा होती. ज्या मातींत गुन्हेगारासहि पुन्हां उभें राहण्यास जागा मिळाली, त्याच मातींत एका फसलेल्या मुलास तोंड लपवावें लागावें, ही आपणां सर्वांस लाज आणणारी गोष्ट आहे.

असो. आमच्या चित्रांतील मुलगा अद्याप अंथरुणावर बसला आहे. आईचें कर्ज फिटावयाचें आहे, शेळ्या आल्या नाहींत, आणि मोबाइलमध्यें नवा गृहस्थ बोलूं लागला आहे. वाचकहो, असा मुलगा आपल्या आळींत आहे काय, हें आठवून पाहा. असल्यास उद्यां सकाळीं त्याच्या घरीं जा. "किती गेले?" हें प्रथम विचारूं नका, "जेवलास काय?" असें विचारा. मूठ कोणी ओढून उघडीत नसतो; शेजारीं बसलें कीं ती आपोआप सैल होते. आणि ती उघडली म्हणजे त्यास सांगा कीं गेलेले पैसे ही विद्येची फी नव्हती, तरी तुझा अनुभव ही मात्र खरी विद्या आहे. ती तूं चारचौघांत सांग. त्या शिकवणीबद्दल कोणी फी घेणार नाहीं, आणि तिचा हिशेब उघडा असेल.